काठीवर मोजलेला तारा

इतका बिनकामाचा उद्योग इतक्या निष्ठेने करणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज अख्ख्या वसईत सापडायचा नाही. लोक वाडीत केळी लावतात, सोनचाफा विकतात, अगदीच काही नाही तर वाडी बिल्डरच्या घशात घालतात. यांनी आकाश मोकळं दिसावं म्हणून केळीच तोडल्या आणि अर्नाळ्याच्या एका कोळ्याकडून मोडीत निघालेल्या होडीची डोलकाठी आणली. देताना तो म्हणाला, "काका, हिला पान्यात तरी नेनार ना?" हे म्हणाले, "नाही, मृग नक्षत्रात."

उद्योग असा. काठीवर दोन आरसे लावायचे आणि एकाच ताऱ्याचा दोन्हीकडून आलेला उजेड दुर्बिणीत एकत्र करायचा. मग ताऱ्यावर बारीक काळ्या पट्ट्या दिसतात. आरसे एकमेकांपासून लांब सरकवत न्यायचे. तारा जितका अवाढव्य दिसतो, तितक्या लवकर पट्ट्या पुसल्या जातात, आणि त्या अंतरावरून त्याचा आकार काढायचा. यांना मृगातला तांबडा तारा, काक्षी, मोजायचा होता. "आकार पुस्तकात छापलाय की," मी म्हटलं. "जावईबापू, जेवणाचा फोटो बघून पानावरून उठता का तुम्ही?"

मामी दिवसा त्याच काठीवर बोंबील सुकवायच्या. वासाने मांजर चढायचं, आरसे हलायचे. मामींना बोलायची यांची छाती नाही, म्हणून हे मांजराला प्रकाशशास्त्र समजावत बसायचे. अशी दहा वर्षं फुकट घालवली.

गेल्या थंडीत दिवेलागणीला फोन आला, "गेल्या, पट्ट्या गेल्या." मी मूर्खासारखा माणिकपूरहून रिक्षा करून धावलो. शेजारच्या बारक्या ताऱ्याच्या पट्ट्या मात्र राहायला हव्यात, नाहीतर चूक आपली, हे त्यांनीच मला शिकवलेलं. दुर्बीण तिकडे वळवली. म्हणाले, "याच्याही नाहीत." मी डोळा लावला, तर दोन्ही ताऱ्यांवर पट्ट्या होत्या, चांगल्या ठळक. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी डासांना रक्त देत मी दुर्बिणीशी बसतो आणि ते काठी धरतात. परवा आरसे दहा फुटांवर गेले आणि काक्षीच्या पट्ट्या विरल्या. मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. याला इतकी वर्षं वेड म्हणालो, याची मला लाज वाटली.

"गेल्या, मामा."

"बारक्याच्या?"

"आहेत."

ते काठीला धरून, मान वर करून बराच वेळ हसत उभे राहिले. काक्षी त्यांच्या पाठीमागे होता.