डबा रिकामा जात नाही

सध्या डबा माझ्याकडे आहे, म्हणजे पंचाईत माझी आहे. स्टीलचा, कडीचा, झाकणाला पोचा आलेला डबा. तो रिकामा परत पाठवता येत नाही आणि भरून पाठवण्याजोगं मला काही करता येत नाही. माझ्या हातच्या शिऱ्याने भिंतीची भेग बुजवता येईल, असं आमच्या घरात अजून सांगतात. सांगणारे आमचे हेच.

डब्याची गोष्ट भांडुपच्या टेकडीची. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी लग्न होऊन टेकडीच्या पायथ्याशी एका चाळीत आले. सासूबाई मालवणकडच्या, बोलायला तिखट आणि वाढायला सढळ. चाळीमागे उतारावर बैठ्या घरांची एक ओळ होती. तिथे साताऱ्याकडची, माझ्याच वयाची एक बाई राहायची. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला वहिनी म्हणायची. नक्की कोण कुणाची वहिनी, हे विचारायचं राहूनच गेलं.

एका जुलैत, भर दुपारी, टेकडीचा एक भाग सुटला आणि ती ओळ खाली आली. काही घरांतली माणसं गेली. त्यांच्याविषयी लिहायला बसले की माझा हात थांबतो, म्हणून लिहीत नाही. वहिनीचं घर गेलं, माणसं वाचली. नवऱ्याचा पाय मात्र वाशाखाली सापडला होता.

सुरुवातीला सगळी वस्ती धावली. शाळेच्या व्हरांड्यात मोठाल्या पातेल्यांतून खिचडी शिजायची. मी कांदे चिरायचे, कारण दुसऱ्या कामावर मला कुणी उभं करेना. पुढारी आले, चादरी आल्या, फोटो निघाले. मग शाळा भरायची म्हणून त्या कुटुंबांना मैदानाकडेला पत्र्याच्या खोल्या दिल्या आणि बाकीचे आम्ही आपापल्या घरी जाऊन दारं लावली.

"आता खरी भूक लागतली," सासूबाई म्हणाल्या. "तेवा भटारखानो होतो. आता चूल तिची आणि चुलीर काय नाय."

त्यांनी चाळीतल्या बायकांना गोळा करून पाळ्या लावल्या. एकेका घराने आपल्या वारी वहिनीकडे डबा द्यायचा, तिचा नवरा पुन्हा कामावर जाऊ लागेपर्यंत. आमचा पहिला डबा मी नेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा आत टाकळा होता, कोवळा, पान न् पान निवडलेला.

आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. तिच्याकडेही तीच रीत. सासूबाईंनी खोबरं घालून भाजी केली आणि सगळ्या घराला चाखवली. इतर घरांचे डबेही असेच टाकळ्याने भरून परत येऊ लागले. एकदा नळावर मी सहज विचारलं, "एवढा कुठे मिळतो गं तुला?"

"वरनं आणते," ती म्हणाली. "आमच्या घराच्या जागेवर लई फुटलाय."

माझी कळशी भरून वाहत राहिली. वरची माती अजून बसली नव्हती. पाऊस लागला की दगड सुटायचे, तिकडे कुणी फिरकायचं नाही असं सगळ्यांना बजावलं होतं. आणि ही बाई आमचे डबे भरायला रोज तिथे चढत होती.

चाळीत खल झाला. उपाय असा निघाला की आता भांडं पाठवायचंच नाही. भाकऱ्या वर्तमानपत्रात, भाजी केळीच्या पानात. परत करायला काही नाही, म्हणजे भरायला काही नाही, म्हणजे चढायला नको. सगळ्यांना हे इतकं पटलं की त्या आनंदात एकीने चहा केला. सासूबाईंनी दुसरा कपही घेतला.

तेव्हापासून पुडकं घ्यायला दारात वहिनीचा नवरा येऊ लागला, काठी टेकत. नळावर ती मान खाली घालून पाणी भरायची. मी आपली समजूत करून घेतली, थकली असेल.

मग एका दुपारी ती आमच्या दारात आली. तिच्या हातात आमचं वर्तमानपत्र होतं, पुसून, चौघडी घालून.

"तुमचा कागद, काकी," ती सासूबाईंना म्हणाली. बस म्हटलं तर बसली नाही.

ती गेल्यावर सासूबाईंनी घडी उलगडली. आत चिमूटभर साखर होती.

त्यांनी ती जिभेवर ठेवली आणि पदराने डोळे पुसले. "दरडीन तिचा घर नेला," त्या म्हणाल्या, "आणि शेजार आमी काढून घेतलो."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या पत्र्याच्या खोलीवर गेल्या. हातात हाच डबा, रिकामा. वहिनीने डब्यात पाहिलं, मग आमच्याकडे.

"माका तुझी शेंगदाण्याची चटणी होयी," सासूबाई म्हणाल्या. "माझी सून रांधता ता घशाखाली उतरणा नाय. तू बघलंय मा, मी किती सुकलंय ती."

सासूबाई दारात मावत नव्हत्या. पण वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं. माझ्या स्वयंपाकाचा उभ्या आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग.

"करते की. पन काकी, पाटा न्हाई. मातीत गेला."

"आमचो आसा. दुपारची ये. शेंगदाणे मी भाजतंय, वाटूचा तू. पण एक आयक. वर चढूचा नाय."

"मग डबा कशानं भरू?"

"चटणीन भर. माझो भर, सगळ्यांचे भर."

तेव्हापासून दुपारी आमच्या खोलीत पाटा वाजू लागला. ज्या घराची पाळी असेल त्या घराचे शेंगदाणे येत. डबा जेवण घेऊन जाई आणि चटणी घेऊन परत येई. खोबऱ्यावर वाढलेली आमची चाळ लसूण-मिरचीच्या झणक्याने डोळे पुसत जेवू लागली. नळावर वहिनी पुन्हा भांडायलाही लागली, तेव्हा सासूबाईंना फार बरं वाटलं.

नवऱ्याचा पाय बरा व्हायला हिवाळा उलटला. पक्क्या खोलीला तर कित्येक वर्षं लागली. तोवर जोराचा पाऊस लागला की ती मुलांना घेऊन आमच्याकडे येऊन बसायची, टेकडीकडे पाठ करून. सासूबाई काही विचारायच्या नाहीत. तिच्यापुढे विळी आणि नारळ सरकवायच्या. पाऊस थांबेपर्यंत ती खवत राहायची आणि आमच्या आमटीत त्या दिवशी खोबरं जरा जास्तच असायचं.

पक्की खोली मिळाली तेव्हा तिने सगळ्यात आधी पाटा घेतला. पहिली चटणी आमच्याकडे आली. सासूबाई आता नाहीत. आम्ही मुलुंडला राहायला आलो, पण डबा जातो-येतो.

आज मी तिला फोन केला. म्हटलं, "वहिनी, शिरा करून पाठवू का?"



"साखरच आना चिमूटभर," ती म्हणाली. "पन पाठवू नका. तुम्ही घेऊन या."