घासाघिशीत सोडलेली बॅटरी

राग आला की माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप आत वाकतं. ड्रिल मशीनचा खटका दाबतात तसं. बायको ते बोट पाहूनच ओळखते आणि दुसऱ्या खोलीत निघून जाते. हे बोट मी बार्शीटाकळीच्या पुढच्या एका खेड्यात कमावलं. ऐन थंडीत, एका बिनदाराच्या खोलीपुढे उभा राहून मी खटका दाबत होतो, दाबत होतो आणि मशीन ढिम्म माझ्याकडे पाहत होती.

आधी मशीन घेतलीच का ते सांगतो, म्हणजे राग कोणाकोणावर होता ते कळेल.

त्या वर्षांत शेतकरी जीव देत होते आणि ते पाहायला अमरावती-अकोल्याकडे बाहेरचे लोक गाड्या भरून यायचे. बांधावर उभे राहायचे, फोटो काढायचे, मान हलवायचे, जायचे. त्यांनी यायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कापूस पडला की त्याच्यामागे सुतारही पडतो, हे गाडीतून उतरलेल्या एकाही माणसाला सुचलं नाही. बैल विकले गेले, मग तिफण दुरुस्तीला कोण आणणार? बैलबंडी अंगणात उभी राहिली, मग चाकाला लोखंडी धाव कशाला? खिडकी पुढच्या वर्षी, दार त्याच्या पुढच्या वर्षी, तोवर पोत्याचा पडदा. अमरावतीतल्या माझ्या दुकानात मी आणि माशा उरलो. मग मीही उठलो. मोटरसायकलवर हत्यारांची पेटी बांधली आणि फिरता मिस्त्री झालो. सासुरवाडी अकोल्याची, त्यामुळे त्या बाजूला मुक्कामाची सोय होती. अपमानाचीही.

अडचण एकच, लाइनची. आमच्याकडे विजेला लाइनच म्हणतात. ती जाण्याला सरकारनं ‘भारनियमन’ असं भारदस्त नाव दिलं होतं, जणू कोणी आमच्या डोक्यावरचा भार कमी करून राहिलं होतं. शहरात साड्यांच्या जाहिरातीतल्या बायका दिव्यांच्या उजेडात हसत उभ्या, आणि खेड्यात मी वायरचं भेंडोळं गळ्यात घालून खांबाखाली. लाइन कधी येईल विचारलं तर लोक आभाळाकडे बघत. पाऊस आणि लाइन एकाच ठिकाणाहून सुटतात अशी त्यांची खात्री होती.

म्हणून बॅटरीवर चालणारी मशीन घ्यायची ठरवली. वायर नको, खांब नको, सरकार नको.

अमरावतीच्या बाजारातला दुकानदार भला माणूस होता. हे मी आज म्हणतो, तेव्हा मला तो लबाड वाटला, कारण तो प्रश्न विचारत होता. लाकडात भोक पाडणार की सिमेंटमध्ये? दिवसभरात काम किती? बॅटरी चार्ज कुठे करणार? मला वाटलं, हा गप्पांत गुंतवून भाव टिकवतोय. मी सगळ्याला ‘हो’ म्हणालो आणि त्यानं पुढे ठेवलेल्या दोन मशिनी हातात तोलल्या. हलकी होती ती बाजूला सारली. आमच्या घराण्यात हत्यार वजनावर निवडतात. व्होल्ट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण ज्याचा आकडा मोठा त्याला बैल जास्त, असं मी धरून चाललो.

मग भाव. भाव न करता वस्तू घेतली तर घरी पोचेपर्यंत ती वस्तूच आपल्याला हसते, अशी माझी श्रद्धा. मी घासाघीस सुरू केली. उठलो, पायऱ्या उतरलो, परत आलो, चहा प्यायलो, पुन्हा उतरलो. शेवटी दुकानदार थकला. त्यानं खोकं उघडलं, आतली एक बॅटरी आणि मोठा चार्जर बाहेर काढून काउंटरवर ठेवला आणि कपाटातून एक जुना, किडमिडा चार्जर आणून खोक्यात टाकला.

“भाऊ, हिच्यासोबत दोन बॅटऱ्या येतात,” तो म्हणाला. “एक मशीनमध्ये, तेव्हा दुसरी चार्जिंगला. तुम्ही म्हणता त्या भावात एकच बसते.”

“मशीनले एका वेळी बॅटऱ्या लागतात किती?”

“एकच.”

“मंग झालं तर. एकच द्या.”

असा मी जिंकलो. जिंकण्याच्या तारेत शेजारच्या दुकानातून दुसऱ्याच कंपनीची करवतही घेतली, नुसती, बिनबॅटरीची. टॉर्चचे सेल जसे कुठल्याही टॉर्चमध्ये बसतात तशी ड्रिलची बॅटरी तिच्यात बसेल, हा माझा हिशेब. बसली नाही. हातोडीनं समजावलं तरी बसली नाही. ती करवत आजही घरी आहे. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तिचा टेकू लावतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाईंच्या नात्यातल्या एका बाईंचा निरोप आला. त्यांना मी आत्या म्हणत असे. घरकुलाच्या योजनेत त्यांना एक खोली मिळाली होती. भिंती होत्या, पत्रे होते, सिमेंटची चौकट होती, दार नव्हतं. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि अकोल्याच्या दवाखान्यात होती. बाळ-बाळंतीण घरी यायच्या आत खोलीला दार हवं होतं. आत्यांचं म्हणणं एवढंच. त्या थंडीत रात्री पाण्यात हात घालवत नव्हता, आणि ती खोली उत्तरेकडे तोंड करून उघडी.

नवं लाकूड घ्यायची सोय नव्हती. पण अंगणात बंडी होती, बैल विकल्यापासून उभी. आत्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, हिचंच करा. मी बंडीच्या फळ्या सोडवल्या, रंधा मारला. आत सागवान असं पिवळंधमक निघालं की मी फळी उन्हात धरून पाहत बसलो. ते दार मी हातानं केलं आणि उत्तम केलं. माझ्या हातून झालेल्या थोड्या उत्तम गोष्टींत ते आहे. जडही तसंच झालं, तीन बिजागऱ्या लागतील असं.

आता बसवायचंच बाकी. आत्या म्हणाल्या, आजच बसवून टाका, पोरीला केव्हाही सुट्टी होईल. मी म्हटलं, छे, चौकटीत भोकं पाडायला मशीन आहे, चुटकीचं काम. सुट्टी होईल त्या दिवशी सकाळी येतो.

आलो. तोवर गावात बातमी पसरलेली की वाढयाकडे, म्हणजे सुताराकडे, बिनवायरची मशीन आहे. अंगणात माणसं जमली. चौकटीत वरच्या बिजागरीची भोकं पाडली तर लोक खूश. ड्रिलची सुई सिमेंटमध्ये लोण्यात जावी तशी गेली! एक म्हातारबा म्हणाले, माझ्या भिंतीत कंदिलासाठी एक खुंटी ठोकायची आहे, वर्ष झालं. म्हटलं, चला. खुंटीसाठी भोक पाडलं. शेजारणीला झोक्याचा हूक हवा होता. पाडलं. पारावरच्या घंटेला कडी हवी होती. तीही. एकानं नुसतीच दगडाची पायरी दाखवली आणि विचारलं, यात जाते काय? कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गेली. पैसा कोणाकडून घेतला नाही. मला कोणी काही मागत होतं, कितीतरी दिवसांनी, हेच पुष्कळ होतं.

परत चौकटीपाशी आलो, मधल्या बिजागरीवर सुई टेकवली आणि खटका दाबला. मशीननं एक उसासा टाकला. बस.

लाकडाला हातानं फिरवायचं गिरमिट चालतं, सिमेंटला नाही. चौकट बनवणाऱ्यानं बिजागऱ्यांसाठी भोकं ठेवली होती, पण भलत्याच जागी, बहुतेक माझी फजिती जिथून नीट दिसेल तिथे. एका बिजागरीवर एवढं जड दार टांगलं असतं तर चौकटीचा टवका घेऊन खाली आलं असतं. छिन्नी-हातोडी घेऊन पाहिलं, तर सिमेंटचा कोपराच निखळायला लागला. लाइन सकाळीच गेलेली.

गावात डिझेलची पिठाची चक्की होती. चक्कीवाले चाचा तिच्याच इंजिनावर जनरेटर फिरवून लोकांचे मोबाइल चार्ज करून देत. एका फळीवर पिनांची रांग आणि खाली मोबाइलांची रांग. मी माझी बॅटरी त्या किडमिड्या चार्जरसकट त्यांच्यापुढे ठेवली. चाचांनी ती उचलून वजन पाहिलं.

“मिस्त्री, ये मोबाइल नहीं, भैंस है. ये पियेगी तो बाकी सब प्यासे रहेंगे.”

मी हात जोडले. खोलीचं सांगितलं, बाळाचं सांगितलं. चाचांनी चार मोबाइल काढून बाजूला ठेवले आणि माझी म्हैस बांधून घेतली. चार्जरवरचा लाल दिवा लागला. तो हिरवा व्हायला किती वेळ लागेल विचारलं, तर चाचा म्हणाले की असल्या चार्जरवर दुपार सरेल. मोठा चार्जर अमरावतीत काउंटरवर होता. मी जिंकलो होतो ना.

परतलो तर अंगणापुढे काळीपिवळी जीप उभी. मुलगी उतरत होती, कानाला रुमाल, पाय जपून टाकत. आत्यांच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एवढंसं गाठोडं. त्यांनी आधी चौकटीकडे पाहिलं, मग भिंतीला टेकवलेल्या दाराकडे, मग माझ्याकडे.

“साऱ्या गावाले भोकं पाडून देता आले तुमाले,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “माह्या नातीले दार नाई भेटलं.”

माझं बोट तेव्हा पहिल्यांदा वाकलं. एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. लाइन सोडणाऱ्यांचा आला, आणि साडीच्या जाहिरातीतल्या त्या हसऱ्या बायकांचा. या खोलीला पत्रे दिले, चौकट दिली आणि दार द्यायचं विसरले, त्या कोणाचा तरी आला. असा कसा माणूस घराच्या हिशेबात दार धरत नाही? कधी स्वतः बिनदाराच्या खोलीत झोपलाय का तो, पौषात, ओली बाळंतीण घेऊन? दुकानदाराचा आला, मी मागितलं ते त्यानं दिलं म्हणून. त्या पायरीत भोक पाडून घेणाऱ्याचा तर असा आला की तो दिसला असता तर मी त्याला त्याच भोकात बसवला असता. आणि हे सगळे राग फिरून फिरून अंगणात परत येत आणि माझ्याच पुढ्यात बसत.

आत्यांनी माझ्या रागाला वेळ दिला नाही. म्हणाल्या, दार उचला, चौकटीत उभं करा, बाहेरून पाठ लावून बसा.

बसलो. आतून शेगडी पेटल्याचा, ओव्याच्या धुरीचा वास आला. पाठीला सागवानाची ऊब आणि तोंडावर सरळ उत्तरेचा वारा. मोटरसायकलवरची पेटी दूर राहिलेली, आणि रुमाल त्या पेटीत. उठायची सोय नव्हती. जरा सैल झालो की फट पडे आणि आतून लगेच आवाज येई, “मिस्त्री.” तेवढंच. मी पुन्हा रेटून बसे.

गाव येऊन पाहून जाऊ लागलं. कंदिलवाले म्हातारबा काठी टेकत आले, वाकून माझ्याकडे पाहिलं.

“बिजागरी कोणत्या कंपनीची म्हणा ही? डोळे मिचकावून रायली.”

चाचा स्वतः बॅटरी घेऊन आले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. मी बसूनच ती मशीनमध्ये घातली, खटका जरासा दाबला. मशीन गुरगुरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, थंडीचंही असेल. आणि दाराच्या फटीतून आत्यांचा आवाज आला.

“आत्ता झोपली पोर. दवाखान्यापासून रडून रायली होती. मशीन लावसान तर याद राखजा.”

हातात भरलेली बॅटरी, पाठीला दार, आणि मी गुमान. चाचा शेजारी दगडावर बसले, बिडी काढली, आतल्या बाळाची आठवण होऊन परत खिशात ठेवली.

दिवेलागणीच्या सुमाराला पोर रडली. असं ताशासारखं रडणं मी इतक्या आनंदानं कधी ऐकलं नाही. आतून दारावर टकटक झाली. “पाडा आता.” चाचांनी दार धरलं, मी मशीन चालवली. गंमत म्हणजे त्या घरघरीनं पोर चूप झाली. मी थांबलो की रडे, मशीन चालली की गप्प. चार स्क्रू मी उगाच काढून पुन्हा बसवले.

दार बसलं. आत्यांनी ते उघडून पाहिलं, लावून पाहिलं, बंडीच्या जुन्या खिळ्याचा काळा डाग राहिला होता त्यावरून अंगठा फिरवला. खालच्या फटीला पायाचा तळवा लावून वारा पाहिला. मी पेटी बांधून मोटरसायकलला लाथ मारत होतो.

“बरं बसलं, मिस्त्री,” त्या उंबऱ्यातून म्हणाल्या. “पण तुमी बसले होते तवा हवा कमी येत होती.”

मी गाडी बंद केली, पेटी सोडली आणि फटीला लावायला पट्टी शोधू लागलो.