खुर्चीचं कलम

खासगी सुरक्षारक्षकांच्या कंपन्यांना परवाने देणाऱ्या कार्यालयात टायपिस्ट बाई पुढच्या पाच वर्षांची योजना टाइप करत होत्या. चाळीस पानांत गणवेश होता, शिट्टी होती, पण रक्षकाला बसायला खुर्ची कुठेच नव्हती. बाईंचा नवरा बँकेच्या दारात बारा तास उभा राहायचा. घरी येईतो त्याच्या पायांचे तुकडे पडायचे. बाईंनी खुर्चीचं कलम सुचवलं, तर साहेब हसले, "अहो, बसला की झोपलाच तो!"

योजना मंजूर करायच्या बैठकीच्या दिवशी सभागृहात एकही खुर्ची नव्हती.

"पॉलिशला दिल्यात," बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासात साहेब भिंतीला टेकले. "बाई, अजून किती वेळ हो?"

"आमचे हे बारा तास काढतात, साहेब."

पोटऱ्या चोळत साहेबांनी पेन मागितलं. "सांगा, कुठल्या पानावर घालू?"