दावी सोडायचा वेळ

वेल्ह्याकडच्या एका वाडीत मी नकाशा करायला गेलो होतो. दरड आली तर लोकांनी कुठून निघायचं, त्याचा. ओट्यावर एक म्हातारे बाबा मांडीवर वाखाचे धागे घेऊन गुरं बांधायचं दावं वळत बसले होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. त्यांच्या दारापासून खालच्या शाळेपर्यंत निळी रेघ होती, चालत बारा मिनिटांची. स्क्रीनला न टेकवता त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"दावी सोडायला किती येळ धरलाय?"

मला कळेना.

"गोठा वर हाय, डोंगराच्या कडंला. समद्या वाडीचे गोठे तितंच. माजी सात जनावरं हायेत. ती बांधून ठिवून आमी खाली जायाचं व्हय?"

एवढं बोलून ते परत दावं वळायला लागले.

मी वाटेत गोठ्याचा थांबा टाकला. रेघ आधी, दरडीचा धोका म्हणून मीच लाल रंगवलेल्या उतारावर चढली, मग शाळेकडे वळली.

भोरच्या ऑफिसात आता दोन्ही नकाशे समोर आहेत. छापायला कोणता द्यावा, सुचत नाही. पहिली रेघ सुरक्षित आहे आणि तिच्यावरून कुणी जाणार नाही. दुसरीवरून सगळे जातील.