आठ जीबी आणि एक किल्ला

कॅनडातल्या सडबरीच्या खाणीत राबणारा गेटन मुलखाचा उतावळा. घटस्फोटानंतर लेक फक्त शनिवारी-रविवारी यायची. दोघं कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये किल्ला बांधत, पण गेम सारखा अडकायचा.

"बाबा, भंगारात घाल हे खटारं!" झोई वैतागायची. "आईकडचा बघ कसा पळतो!"

गेटननं मेमरी वाढवून आठ जीबी केली, तरी रड तीच.

दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमची सिस्टिम बत्तीस बिटची. तिला चार जीबीच्या पुढची मेमरी वापरताच येत नाही. चौसष्ट बिटची टाका. डिस्क कोरी करावी लागेल, म्हणून आधी..."

पुढचं ऐकायला गेटन थांबलाच नाही. त्याच रात्री त्यानं डिस्क कोरी करून नवी सिस्टिम टाकली.

शनिवारी गेम सरसर पळाला. समोरच्या मोकळ्या माळाकडे बघत झोईनं हळूच विचारलं, "बाबा, आपला किल्ला कुठंय?"