सुभान मिस्त्रीचं हलकं स्टेअरिंग

शिरूरला मोटार स्टँडच्या पुढं, नगर रस्त्याच्या कडेला सुभान मिस्त्रीची पत्र्याची शेड होती आणि शेडच्या मागंच त्याचं घर. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपगाड्या लिलावात निघाल्या आणि या भागातल्या ज्याच्या त्याच्या अंगात जीपची हौस शिरली. बागाईतदार घेत, ठेकेदार घेत, एखादा पुढारी घेई. घेऊन येताना मिशीला पीळ असे. मग थोड्याच दिवसांत गाडी दोरीने बांधून, बैल लावून सुभानच्या दारात आणत.

सुभान नगरच्या एका वर्कशॉपात हेल्परकी करून शिकलेला. अंगाने काटकुळा, डोक्याला तेलकट रुमाल, आणि जीपच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. दारू नाही, तंबाखू नाही. व्यसन एकच होतं, कौतुकाचं. ते मात्र त्याला रोज लागायचं, आणि समोरच्या चहाच्या हॉटेलात बसणारी रिकामी मंडळी ते पुरवायला तयारच असायची.

त्याची एक रीत होती. पुढच्या चाकांचं काम झालं की गाडी मालकाच्या हवाली करण्याआधी तो जॅक लावून पुढची चाकं उचलायचा, हॉटेलातल्या मंडळींना हाक मारायचा आणि स्टेअरिंग एका बोटाने गरकन फिरवून दाखवायचा. लष्करी जीपचं स्टेअरिंग मुळात जड. ते असं फिरलेलं पाहून मालकाच्या चेहऱ्यावर हसू यायचं, मंडळी माना डोलवायची. "लोणी हाय लोणी!" असं कोणीतरी म्हणायचं आणि सुभानचा तो दिवस चांगला जायचा.

जालिंदर ठेकेदाराची जीपही अशीच लोण्यासारखी होऊन गेली होती. जालिंदर बांधबंदिस्तीची कामं घ्यायचा, त्यामुळे त्याची गाडी रस्त्यापेक्षा रानातच जास्त चाले. हौशीराम हा त्याचा ड्रायव्हर. न्हावऱ्याकडचा गडी, बोलायला कमी, पण गाडी अशी चालवायचा की मागं बसलेल्या बाईच्या डोक्यावरची पाटीसुद्धा हलू नये. सुभानने पुढचं सगळं खोलून, ग्रीस भरून, जोडून दिलं. आठवडा उलटला नाही तोच गाडी पुन्हा दारात आली. आता तिचा पुढचा दिवा फुटलेला होता आणि जालिंदरच्या कपाळाला पट्टी होती.

"मोरीपाशी चाकं आपसूक नाचाया लागली," हौशीराम सांगत होता. "खड्ड्यात आदळली आन् जी थडथड सुरू झाली, तिच्या मायला, स्टेअरिंग हातात ठरंना. समदी गाडी फुटतीय असं वाटलं. मिस्त्री, पुढचं कायतरी ढिलं हाय बगा."

ढिलं हाय! सुभानच्या कामात ढिलं! आणि तेही हॉटेलातली सगळी मंडळी रस्ता ओलांडून जमलेली असताना. सुभानने जॅक लावला. चाक धरून हलवलं. बोटाने स्टेअरिंग फिरवलं, ते नेहमीसारखं गरकन फिरलं. मग गावातून हळूच एक चक्कर मारून आला. गाडी सरळ, शांत. खाली उतरून हात पुसत तो म्हणाला, "गाडीला काय धाड भरलीय? गाडी ब्येस हाय. हातच थरथरत असला तर स्टेअरिंग काय करील?"

मंडळी हसली. मागून कुणीतरी पुरवणी जोडली, "रातची उतरली नसंल!" हशा आणखी मोठा झाला. ते दारूबंदीचे दिवस होते. पिणारे पीतच होते, पण 'पितो' हा शब्द ड्रायव्हरच्या नावाला चिकटला की त्याला कुणी दारात उभं करत नसे. हौशीराम दारूच्या वाऱ्याला उभा राहत नाही, हे सुभानला पक्कं ठाऊक होतं. एक शब्द बोलला असता तर तिथंच मिटलं असतं. पण हशा त्याच्या बाजूने होता, आणि हशा बाजूने असला की सुभानला थांबवत नसे. तोही हसला.

जालिंदरने हात पुढं करून किल्ली मागितली. हौशीरामने ती दिली. भांडला नाही, शपथा घेतल्या नाहीत. आपल्या दोन्ही हातांकडे बघत एवढंच म्हणाला, "मिस्त्री म्हनत्यात म्हंजी आसंल." आणि निघून गेला. पुढं शिरूरात त्याला कुणी गाडी दिली नाही. बायकोला घेऊन तो मेव्हण्याच्या आधाराने दौंडला गेला आणि रेल्वेच्या कोळशावर लागला, असं कानावर आलं. सुभानने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

जालिंदरने ठेवलेला नवा ड्रायव्हर भित्रा होता. बैलगाडीने मागून येऊन पुढं जावं अशा बेताने तो जीप चालवायचा, त्यामुळे गाडीने पुन्हा काही नाटक केलं नाही. सुभानचा शब्द खरा ठरला, असंच सगळ्यांना वाटलं.

उन्हाळ्यात केडगावला सुभानच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. जालिंदरने मोठ्या मनाने जीप दिली. सुभान स्वतः चालवायला बसला, शेजारी बायको नूरबी, मांडीवर मिठाईची टोपली. न्हावरं मागं पडलं, रस्ता मोकळा मिळाला आणि सुभानला जरा दाखवावंसं वाटलं. त्याने गाडी पळवली. एका खड्ड्यात डावं चाक आपटलं.

आधी स्टेअरिंगला बारीक झिणझिण्या आल्या. मग दोन्ही चाकं अशी डावी-उजवी आपटायला लागली की बॉनेट, दिवे, काच, सगळंच एकदम थडथडू लागलं. सुभानने दोन्ही हातांनी आवळून धरलं तर स्टेअरिंगने त्याची मनगटंच पिळून काढली. नूरबी किंचाळली. मिठाई रस्त्यावर गेली. ब्रेक मारावा तर गाडी वाट सोडायला लागली. शेवटी ब्रेकवरचाही पाय काढून गाडी नुसती जाऊ दिली, वेग मेला, आणि गाडी बाभळीच्या बुडाशी जाऊन कशीबशी थांबली. चाकं निमूट झाली, जणू काही झालंच नाही.

सुभानने उतरून चाकं हलवून पाहिली. नूरबीशी तो घरात मुसलमानी बोलीत बोलायचा, तीही तशीच बोलायची. पण राग आला की ती अस्सल मराठीवर यायची. पदर सावरत ती म्हणाली, "त्यो हौशीराम ह्येच सांगत हुता न्हवं? मी आतनं ऐकलं समदं. आन् तुमी दात काढत हुता."

सुभानने गाडी मागं घेऊन रस्त्याला लावली. लग्नात त्याने कुणाला काय सांगितलं, काय खाल्लं, त्याला आठवेना. परत येताना त्याने गाडी नव्या ड्रायव्हरपेक्षाही हळू आणली, आणि ते करताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी शेडचं दार आतून लावून तो कामाला लागला. असं दार त्याने आजवर कधी लावलं नव्हतं. आधी पुढचे टायर मागं टाकले. मग चाक वरून-खालून धरून हिसडलं, चाकाची बेअरिंग बरोबर होती. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळून पाहिले, घट्ट. दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, टायरॉड, त्याचे सांधेही ठीक. मनातून तो एखादा मोडका, झिजलेला भाग शोधत होता. काहीतरी मोडलेलं निघावं, म्हणजे दोष लोखंडावर ढकलता येईल. काहीच मोडलेलं निघेना.

शेवटी त्याने टायरॉड सोडवला आणि चाक ज्या गुडघ्यावर वळतं तो गुडघा मोकळा करून हाताने ढकलला. तो जत्रेतल्या पाळण्यासारखा गरकन पलीकडे गेला. इथं तो जड फिरायला हवा. वर एक आणि खाली एक अशा दोन बेअरिंगांमध्ये हा गुडघा दाबून धरलेला असतो. तो दाब किती, हे झाकणाखालच्या पत्र्याच्या पातळ चकत्या ठरवतात. चकत्या वाढवल्या की दाब कमी होतो आणि स्टेअरिंग हलकं होतं. इतकं हलकं, की खड्ड्याने चाकाला एक धक्का दिला की ते थांबायचं विसरतं.

सुभानने झाकण खोललं. कारखान्याच्या चकत्यांवर रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेल्या चकत्या बसल्या होत्या. कात्रीची ती वाकडी धार त्याच्या ओळखीची होती. दुसऱ्या बाजूलाही तेच. स्टेअरिंग बोटाने फिरावं म्हणून त्याने स्वतः घातलेल्या. चुकून नाही, घाईत नाही, मंडळींनी वाहवा म्हणावं म्हणून.

त्याने त्या काढल्या, सगळं आवळून बसवलं, त्याच रस्त्याने त्याच खड्ड्यात गाडी मुद्दाम आपटली. गाडी एक उसळी मारून सरळ निघून गेली. स्टेअरिंग जड होतं, इमानदार होतं. एरवी अशा वेळी सुभान शीळ घालत परत आला असता. आज त्याला वाटलं, रस्त्यावर कुणी भेटू नये. त्याने असं लोणी आणखी कुणाकुणाच्या गाडीत घालून ठेवलंय, तेही त्याला एकेक आठवायला लागलं.

जालिंदरला सांगितलं तेव्हा तो पाठीवर थाप मारून म्हणाला, "झाली दुरुस्त न्हवं? मग बास. कशाला बोंबलत सुटता मिस्त्री, तुमचाच धंदा बसंल. लागलंच तर हौशीरामला घेतो माघारी."

पण नूरबीने दोन दिवस त्याच्यापुढं ताट नुसतं सरकवलं. तिसऱ्या दिवशी सुभान हॉटेलात गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हौशीरामचा हात थरथरत न्हवता. त्यो पीतबी न्हवता. म्याच गाडी बिगाडली हुती." मंडळी खो खो हसली. मिस्त्रीची थट्टा म्हणजे थट्टा! त्या दिवशी थट्टेत बोललेलं यांनी खरं मानलं होतं आणि आता खरं सांगतोय तर थट्टा मानतायत. सुभानने पुन्हा सांगितलं, मग चढ्या आवाजात सांगितलं. तेव्हा हसू थांबलं, पण कुणी त्याच्याकडे बघेना. जो तो आपल्या बशीत बघू लागला.

मग जालिंदरची जीप घेऊन तो दौंडला गेला. रुळांच्या कडेच्या वस्तीत विचारत विचारत हौशीरामचं घर सापडलं. हौशीराम नुकताच कोळशावरून आला होता, डोळे तेवढे पांढरे. त्याने सुभानला पाहिलं आणि लगबगीने पोतं झटकून बसायला टाकलं. "या मिस्त्री. लांब येणं केलंत?" त्या आदरानेच सुभान अर्धा मेला.

तो उभ्यानेच बोलला. चकत्या, झाकण, खड्डा, सगळं. काही लपवलं नाही. "हात तुजा ब्येस हुता हौशीराम. खोट माज्यात हुती. जालिंदर माघारी बोलवतोय. गाडी भायेर उभी हाय, ही किल्ली घे."

हौशीरामने किल्लीकडे पाहिलं, घेतली नाही. वळून त्याने आत हाक मारली, "धुरपदा, भायेर ये. मिस्त्री, ह्ये हिला सांगा. एकदा हिच्या म्होरं सांगा."

त्याची बायको धुरपदा तान्ह्या मुलीला काखेला मारून बाहेर आली. सुभानने मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. धुरपदाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"ही पोर हितं आल्यावर झाली," ती म्हणाली. "ह्यांनी येकदाबी हातात घेतली न्हाई. हात थरथरत्यात, पाडीन म्हनत्यात. म्या म्हनलं, कोळशाच्या पाट्या उचलता त्या? तर म्हनत्यात, कोळसा पडला तर पडला. शेजारच्या बायांना वाटलं, पोरगी झाली म्हून बाप शिवत न्हाई. त्यांनीच नाव पाडलं, नकुशी."

धुरपदाने मुलगी काखेतून काढली आणि नवऱ्यापुढं धरली. "घ्या. ऐकलं न्हवं, काय म्हनले मिस्त्री? घ्या की."

हौशीरामने हात धोतराला पुसले. परत पुसले. मग हळूहळू पुढं केले. मुलीला बोटं लागली न लागली तोच ते हात थरथरायला लागले, कोपरापर्यंत. त्याने ते झटकन मागं घेतले आणि काखेत दडवले.

"बगा मिस्त्री," तो ओशाळं हसत म्हणाला, जणू चूक त्याचीच होती. "थरथरत्यातच की."

धुरपदाने मुलगी पुन्हा कडेवर घेतली आणि सुभानकडे पाहिलं. "गाडी नीट केली तुमी. आता ह्ये कसं नीट करायचं, त्ये सांगा."

सुभान मिस्त्री किल्ली हातात घेऊन तिथंच उभा राहिला.