लाभ, दोन, तीन

सारजाला इंग्रजी येत नव्हतं असं नाही, ते तिला पाठ येत होतं. बावड्याच्या बालवाडीत ती आठ वर्षं मदतनीस होती. पोरांची नाकं पुसायची, सुकडी वाटायची आणि बाई रजेवर गेल्या की वर्गही तीच सांभाळायची. आता बाई निवृत्त होणार होत्या. संस्थेनं स्वच्छ सांगितलं, या खेपेला दहावी पास झालीस तर बाईंची जागा तुझी, नाहीतर दुसरी कुणी बघू. सतरा नंबरचा फॉर्म भरून सारजा दोनदा बसली होती. बाकीचे विषय निघाले, इंग्रजी दोन्हीदा राहिलं. चौऱ्याण्णवच्या मार्चात तिसरी खेप होती.

शिकवायला मोहनराव सर होते, हायस्कुलातून निवृत्त झालेले, तिच्याच आळीतले. त्यांच्यासमोर सारजा गाईड धडाधड म्हणून दाखवायची. ‘मेझर’ हा एक शब्द आणि त्याचे पाच वाक्प्रचार. गाईडातला लंडनचा शिंपी पाचही वाक्यांत राजाचा कोट शिवत बसलेला. गाईड लिहिणाऱ्याला दुसरं माणूस भेटलं नसावं. सर अर्थ विचारायचे. सारजा तेच वाक्य पुन्हा म्हणायची, जरा मोठ्यानं.

फेब्रुवारीत सर बाजरी न्यायला तिच्या घरी आले. सारजा मापटं घेऊन पोत्यापुढं बसली. धान्य मोजताना तिच्या घरी कुणी ‘एक’ म्हणत नसे. पहिलं माप ‘लाभ’, मग दोन, मग तीन. सासूनं, फुलाबाईनं, तिला लग्नाच्या वर्षीच ते शिकवलं होतं. सारजानं शिगोशीग पाच मापटी घातली आणि वर एक मूठ सोडली.

“ही मूठ कशाची?” सरांनी विचारलं.

“वरची. माप भरलं तरी घेनाऱ्याचं मन भरलं पायजे न्हवं?”

“सारजा, यालाच फॉर गुड मेझर म्हणतात.”

तिनं वरची मूठ पिशवीत दाबून बसवली. मग म्हणाली, “एवढंच व्हय? मग त्यो शिंपी कशाला मधी घातलाय?”

उरलेले चार वाक्प्रचार एका बैठकीत उरकले. बियाँड मेझर म्हणजे फुलाबाईचं बोलणं. हाफ मेझर म्हणजे नवऱ्यानं, ज्ञानदेवानं, दोन वर्षं बिनछपराची ठेवलेली न्हाणी. फुलाबाई आतून ऐकत होती. इंग्रजीत आपलं नाव निघतंय म्हणून ती उलट खूशच झाली. सरांनी बजावलं, पेपरात शिंप्याला हात लावायचा नाही, घरचंच लिहायचं.

इंदापूरच्या केंद्रावर पेपर उघडला तर हाच प्रश्न. सारजानं पाच वाक्यं सपासप लिहिली. परतीच्या एसटीत ती बोटांवर मोजायला लागली, सगळी लिहिली ना? लाभ, दोन... आणि बोट तिथंच थांबलं. पहिल्या वाक्याच्या आधी, जिथं एक आकडा घालायचा तिथं, तिनं इंग्रजी अक्षरांत ‘लाभ’ लिहिलं होतं. पुढं दोन, तीन, चार, पाच नीट.

गेली जागा, असंच तिनं धरलं. शेवटी सासूला सांगितलं.

“मग मोजायला एकापासनं सुरवात करत्यात व्हय कुठं?” फुलाबाई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

सरांना विचारलं, तर ते म्हणाले की तपासणाऱ्यानं कधी पोत्यापुढं बसून धान्य घेतलं असेल तर कळेल, नुसतं दुकानातनं आणत असेल तर अवघड आहे. म्हातारा खोटा धीर देणाऱ्यांतला नव्हता.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत छत्तीस.

“पस्तीसला पास,” सर गुणपत्रिका डोळ्यांशी धरून म्हणाले. “एक जादा कशाचा?”

“तपासनारा आपल्याकडचा आसनार, सर. मूठ सोडलीया.”

जुलैच्या पहिल्या सोमवारी सारजा बालवाडीची बाई म्हणून उभी राहिली. सुकडीच्या रांगेत पुढं नकोशी होती. चौथी मुलगी झाली म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव, आणि पोरगीही सवयीनं दुसऱ्याच्या मागं दडायची. त्या दिवशी बाकीच्यांनीच तिला पुढं ढकललेली. सारजानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोजायला लागली, “लाभ.” मग दोन, मग तीन.

दुसऱ्या दिवशी सुकडी शिजायच्या आधीच नकोशी ताटली घेऊन रांगेत पहिली उभी होती.